वाक्यात उपयोग करा

प्रश्न तिसरा, आ. दोन गुण.
खुमखुमी : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
पेपर मीच काढलेला, मीच तपासते आहे,
पाचपावलीत, दुसऱ्या मजल्यावर, दुपारी तीनला.
कुलरचा पंप सकाळीच बसला.
ताटीतला वाळा नुसता वास देतो, गारवा नाही.

बत्तीस जणांनी लिहिलंय : भांडणाची हौस.
पाच जणांनी : खाज.
अर्धा गुण कापला, मग परत दिला.
एकाने युयुत्सा. हा नक्की क्लासला जातो.
पूर्ण गुण, पण माझा हात जरा अडखळला.
युयुत्सेला मैदान लागतं, ध्वज, समोर उभं सैन्य.
खुमखुमीला एक आडवी लावलेली सायकल पुरते,
समोरच्याचं नुसतं खाकरणं.
शत्रू नसला तरी ती आधी येऊन बसते,
तळहातात, दातांच्या मुळाशी,
आणि मग शत्रू शोधायला पाठवते.

क्रियापदंही तिची वेगळीच.
ती जिंकत नाही, हरत नाही.
जिरते.
मार देऊन जिरते, खाऊनही जिरते,
जेवणासारखी, जमिनीत पाण्यासारखी.
आणि येते नेहमी दुसऱ्याला.
त्याला, तिला, काकाला, नववी ब-ला.
एवढ्या वाक्यांत एकही 'मला' नाही.

मग त्रिशला हेडाऊचा पेपर.
'माझ्या आजीला रोज सकाळी सहा वाजता खुमखुमी यायची.'
पूर्णविराम. दोन गुण झाले.
पण पोरगी थांबली नाही,
समासात शिरली, खालच्या प्रश्नावर चढली :

'समोरच्या कौतिकाबाई निमजे आधी बादली लावायच्या.
आजी म्हणायची, काऊन वं,
नळ तुह्या बापानं आंदण देल्ला का?
त्या म्हणायच्या, हाव, देल्ला.
मग अर्धा तास.
मग दोघी पाणी भरायच्या.
एकदा आजीला ताप होता, तर त्या दारात येऊन
आजीच्या नावानं ओरडून गेल्या.
आता निमजे बेसाला फ्लॅटमध्ये गेले.
आमच्याकडे नळ दिवसभर असतो.
आजी सहालाच उठते,
बादली घेऊन उभी राहते.
परवा नळालाच म्हणाली, काऊन बे.'

सूचना स्पष्ट होती : एकच वाक्य.
लाल पेन उचलला,
'आंदण'मधला ण तिने न लिहिला होता, तो तेवढा सुधारला,
आणि पेनाचं टोपण किती वेळ चावत बसले.

काटोलला माझी धाकटी बहीण आहे.
आई गेली, वाटणी झाली,
आवाज न चढवता, वकिलाच्या खोलीत, चहा घेऊन.
नातेवाईक म्हणाले, बहिणी असाव्यात तर अशा.
सहा वर्षं आम्ही भांडलो नाही.
दिवाळीला तिच्याकडून फोनवर पणतीचं चित्र येतं,
मी जोडलेले हात पाठवते.
आईचं शिवणयंत्र तिने नेलं.
पायट्याचं, चाकाला लाल दोरी बांधलेलं.
मी म्हणाले होते, ने गं, मला काय करायचंय.
शुद्ध मराठीत म्हणाले होते.

गठ्ठ्यातले नऊ पेपर उरलेत.
बाहेर ऊन असं की कुत्रंही भुंकायचं पुढे ढकलतंय.
तळहात शिवशिवले.
आधी वाटलं, घाम.

फोन लावला.
तिने 'हॅलो' म्हणायच्या आत म्हणाले,
काऊन वं कुंदे,
मशीन तुह्या बापानं आंदण देल्ली का?

पलीकडे पंखा ऐकू आला, कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज,
मग तिचा श्वास, लांब,
पदर खोचताना घेतात तसा.
'हाव,' ती म्हणाली. 'देल्ली. मंग?'

मी खुर्ची ओढून बसले.